उकळलेलं तीर्थ

विज्ञान विरुद्ध श्रद्धा हा सामना आमच्या घरी बारमाही. विज्ञानातर्फे मी, कारण बी. एस्सी. झालोय, श्रद्धेतर्फे आत्या, कारण देवघराची किल्ली तिच्याकडे. तेव्हा सत्यजित राय यांचा १९८९ सालचा 'गणशत्रू' टीव्हीवर लागला, तशी मी आत्याला मुद्दाम समोर बसवली. म्हटलं, आज परभारे निकाल लागेल.

चंडीपूर नावाचं गाव. गावात काविळीची साथ. डॉक्टर अशोक गुप्तांना (सौमित्र चटर्जी) कळतं, की दोष देवळातल्या तीर्थाच्या पाण्यात आहे. जमिनीखालचे नळ बिघडलेत. झालं! देऊळ बंद म्हणजे कमाई बंद. 'तुळस आणि गंगाजल पडलेलं पाणी दूषित होईलच कसं?' असा देवळाच्या शेठजींचा सवाल. डॉक्टरचा सख्खा भाऊच नगरपालिकेत, तोही उलटतो. मूळ नाटक इब्सेनचं, १८८२ सालचं. त्यात देऊळ नाही, आरोग्यस्नानाची ठिकाणं आहेत. तीर्थ रायांनी आणलं.

मी विजयी मुद्रेने आत्याकडे पाहिलं.

"एवढं भांडायचं काय त्यात?" ती म्हणाली, "नळ दुरुस्त करा म्हणावं. देव का नको म्हणतोय?" आणि जरा थांबून, "बंडू, तू नाही का आणली होतीस ती माळ?"

नको ते निघालं. धाकट्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. रक्त तपासलं, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. आणि तिसऱ्या दिवशी मी, बी. एस्सी., एस. टी.ने शेजारच्या गावी जाऊन काविळीची माळ घेऊन आलो. डोक्यावर ठेवायची, ती लांबत खाली उतरली, की कावीळ उतरली. आता ओल्या काड्या सुकून आकसल्या की दोरा सैल पडतो आणि माळ कुणाच्याही डोक्यावर लांबते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी रोज सकाळी फूटपट्टी घेऊन मोजत होतो. रात्री पोराचा श्वास ऐकत पडलं, की बी. एस्सी.चं काही आठवत नाही.

आत्या मात्र तेवढे दिवस पाणी उकळत होती. देवाचं तीर्थसुद्धा उकळलेल्या पाण्याचं!

"देवाला चाललं?" मी आत्ता विचारलं.

"त्याला काय धाड भरलीय? पोराचं पोट नाजूक."

पडद्यावर डॉक्टरच्या घराबाहेरून त्याच्या बाजूने घोषणा ऐकू आल्या. आत्याने समाधानाने डोळे पुसले, देवघरात गेली आणि पळी घेऊन आली.

"घे, तीर्थ."

मी हात पुढे केला, मग जरा मागे घेतला.

"उकळलंय ना?"