मलाक्काचा केबाया

सुट्टीत सिंगापूरला नणंदेकडे गेलो होतो, तेव्हा एक दिवस काढून बसने मलेशियातल्या मलाक्काला जाऊन आलो. जुन्या बंदराचे गाव. अरुंद गल्ल्या, एकमेकांना चिकटलेली घरे. एका लहानशा दुकानात झिरझिरीत, भरतकाम केलेले ब्लाऊज टांगलेले दिसले आणि मी थांबलेच.

हा केबाया. पुढून उघडा, बटण नाही, हूक नाही. साखळीने जोडलेल्या तीन पिना लावायच्या, खाली बाटिकचे सरोंग नेसायचे. दुकानातल्या बाईंनी काम करून दाखवले. वायलचे कापड गोल रिंगेत ताणायचे, मशीनच्या सुईखाली हाताने फिरवत फुलापानांच्या कडा शिवायच्या आणि मग बारीक कात्रीने मधले कापड कापून काढायचे. आपल्याकडचे कटवर्कच ते. कात्री जरा चुकली की सारी मेहनत वाया.

केबाया हा शब्द अरबी 'कबा'वरून आला असे मानतात. उर्दूच्या तासाला हा 'कबा' मी कितीदा फळ्यावर लिहिला असेल! म्हणजे नाव अरबी, नक्षी चिनी वंशाच्या न्योन्या स्त्रियांची, बाटिक जावाचे. मलय मुस्लिम बायका तोच केबाया सैल आणि लांब शिवतात, डोक्यावर तुदुंग घेतात. 2024 मध्ये ब्रुनेई, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांनी मिळून युनेस्कोच्या वारसा यादीत त्याची नोंद करून घेतली.

जोहरची नमाज कंपुंग क्लिंग मशिदीत अदा केली. हिंदुस्थानी मुसलमान व्यापाऱ्यांनी 1748 मध्ये बांधलेली ही मशीद. छप्पर सुमात्रा पद्धतीचे, मिनार पॅगोड्यासारखा. तिथे बसले असताना अम्मी आठवली. गेल्या वर्षी भाचीच्या निकाहला कुणीतरी तिला म्हणाले, "साडी काही आपला पोशाख नाही." जन्मभर इरकली नेसलेली अम्मी काही न बोलता आत गेली आणि माझा सलवार-कमीज घालून बाहेर आली. ती साडी पुन्हा पेटीतून निघाली नाही. रोज वर्गात बोलणारी मी, त्या दिवशी गप्प राहिले, हे आजही सलते.

केबाया महाग होता, घेतला नाही. घरी आल्यावर अम्मीला सगळे सांगितले. माझ्या गप्प राहण्याचेही. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "त्या साडीला जरा ऊन दाखव. ईदला नेसेन."