पांढऱ्या भिंतींचा पक्ष मी सोडला

भिंतीला ऑफ व्हाइटशिवाय दुसरा रंग द्यायचा नाही, या मताची मी कट्टर. खोली मोठी दिसते, उजेड खेळतो, उद्या घर भाड्याने द्यायची वेळ आली तरी कोणी नाक मुरडत नाही. एका मैत्रिणीने हॉल विटकरी केला, तेव्हा "मंगल कार्यालय झालंय गं" असं तिच्या तोंडावर म्हणून मोकळी झाले होते. आज आमची झोपायची अख्खी खोली आणि हॉलची एक मोठी भिंत गेरूच्या रंगाची आहे. कोणी गळ घातली नव्हती. मीच करून घेतलं. मैत्रिणीला अजून चहाला बोलावलेलं नाही, ते वेगळं.

मत फिरवलं ते खडकवासल्याच्या पावसाळ्याने. इथे पाऊस लागला की सिंहगड दिवसेंदिवस ढगात असतो. पांढऱ्या भिंतीजवळ स्वतःचं असं काही नसतं. जो उजेड येईल तोच ती परत करते. ढगाळ, निळसर उजेड आला की ती राखाडी होते. आमची उत्तरेची खोली भर दुपारी उदास दिसायची आणि मी आपली आणखी पांढरा रंग, आणखी मोठी ट्यूब असे उपाय करत बसले. शेवटी लेक म्हणाली, "आई, या खोलीत ऊन येतच नाही. उजळवायचा हट्ट सोड, नुसती ऊबदार कर."

खरं तर गेरू काही परका नव्हता. तुळशीवृंदावन, कुंड्या, सगळ्यांना मी हौसेने गेरू लावते. हॉलमध्ये वारली चित्राची फ्रेम होती, तीही गेरूवर पांढऱ्या रेघांची. पालघरकडे वारली घरांत अख्खी भिंत त्या रंगाची असते आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात. मी मात्र तो रंग काचेआड, पांढऱ्या भिंतीवर टांगून ठेवला होता! गेरूला लाली येते ती लोहाच्या ऑक्साइडमुळे. पिवडी त्याच कुळातली. भाजली की तिच्यातलं पाणी जातं आणि तीही तांबडी होते. हा रंग विटत नाही. भीमबेटकाच्या तांबड्या चित्रांनी हजारो वर्षं काढली आहेत.

पहिला हात बसला तेव्हा मात्र पोटात गोळा आला. सगळी भिंत पट्ट्यापट्ट्यांची. "ताई, तिसऱ्या हातापर्यंत काही बोलू नका," पेंटरकाका म्हणाले. गडद छटा ज्या बेसमध्ये बनवतात, त्यात खालचं झाकणारं टायटॅनियम डायऑक्साइड कमी असतं, त्यामुळे बऱ्याचदा दोन हातांत भागत नाही. तिसऱ्या हातानंतरही रात्री रंग काळपटच दिसायचा! दोष रंगाचा नव्हता, वरच्या 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबचा होता. ती काढून 2700 केल्विनचे पिवळे दिवे लावले आणि भिंतीची लाली वर आली. आता पाऊस लागला की घरातले सगळे त्याच खोलीत येऊन बसतात.

पण पुरती बाटले नाही. स्वयंपाकघर पांढरंच ठेवलंय; तांदूळ निवडायला उजेड लागतो. शिवाय गडद रंगाने ओल झाकली जाते, हा गैरसमज आहे. भिंतीतून पांढरे क्षार फुटले की गेरूवर ते जास्तच उठून दिसतात. गळती आधी, रंग नंतर. टच-अपचे ठिगळही लपत नाही, म्हणून त्याच छटेचा थोडा रंग शिल्लक ठेवावा.

तुमच्या मनात असेल तर दुकानातल्या शेडकार्डावर निर्णय घेऊ नका. छोटा डबा आणा, दोन फुटांचा चौकोन रंगवा, एका ढगाळ दुपारी आणि एकदा रात्री घरचे दिवे लावून बघा. मग पेंटरला बोलवा.