म्हाळसेला बोलू द्या

राक्षस मारणारा नायक प्रेमात पडून भरकटला की क्रमशः कथेचे वाचक अस्वस्थ होतात. एका प्रकरणात ज्यानं दैत्याला लोळवलं, तोच पुढच्या प्रकरणात एखाद्या स्त्रीच्या ध्यासानं भान हरपून बसला, नसलेलं पाहू लागला, की त्यांची प्रतिक्रिया लगेच येते आणि ती बहुधा दोन प्रश्नांच्या रूपात येते. हा असा कसा वागतो, हा पहिला. त्याला कुणी काही सांगत कसं नाही, हा दुसरा. क्रमशः लिहिणारे बहुतेक जण पहिल्याच प्रश्नाच्या मागे लागतात. नायकाला शुद्धीवर आणायची घाई करतात, त्याच्या वेडाला कारणं जोडतात, नाहीतर ते प्रेमच आटोपतं घेतात. मी हे लिखाण करते ते दुसऱ्या प्रश्नावर भरवसा ठेवून. वाचकाला नायकाचं वेड खुपत नाही. आपल्याला दिसतंय ते कथेतल्या कुणालाच दिसत नाही, हे खुपतं. म्हणून वेड कमी करण्यापेक्षा ते स्पष्ट दिसणारं माणूस कथेच्या आत बसवणं आणि त्याला मोकळेपणानं बोलू देणं, हे लेखकाचं खरं काम आहे.

याचा पुरावा शोधायला ओझरकरांना लांब जायला नको. बाणगंगेच्या काठी चंपाषष्ठीला खंडेराव महाराजांची यात्रा भरते, बारागाडे ओढले जातात, भंडारा उधळला जातो. ही यात्रा ज्या कथेवर उभी आहे तिचा पहिला भाग शुद्ध वीरकथेचा आहे. मणी आणि मल्ल हे दोन दैत्य माजले, शंकरानं मार्तंडभैरवाचा अवतार घेतला, मार्गशीर्ष प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत सहा दिवस युद्ध झालं आणि दोघांचा पाडाव झाला. मल्हारी माहात्म्य सांगतं ते मुख्यतः हेच. पण जागरणाला बसलेली माणसं पहाटेपर्यंत जागी राहतात ती एवढ्यावर नव्हे. त्यांना हवी असते त्यानंतरची गोष्ट, बाणाईची. घरी बायको म्हाळसा असताना खंडोबाचं चित्त एका धनगराच्या लेकीवर जडतं. कुणी सांगतं तो शिकारीला गेला असताना, कुणी सांगतं सारीपाटात म्हाळसेकडून हरून बारा वर्षांचा वनवास पत्करल्यावर. दैत्य मारणारा देव वेश पालटून धनगराच्या वाड्यावर चाकरीला राहतो. मेंढरं धुवायला सांगितलं तर ती दगडावर आपटून मारतो आणि बाणाईशी लग्न लावून देणार असाल तरच जिवंत करतो म्हणून अडून बसतो. त्या लग्नाची जागा म्हणून मानली जाणारी चंदनपुरी आपल्याच जिल्ह्यात, मालेगावजवळ आहे. म्हणजे ही कथा या भागातल्या ऐकणाऱ्यांना परक्या मुलखातली वाटतच नाही.

आता कारागिरीच्या नजरेनं पाहिलं तर हा भाग फार धोक्याचा आहे. ज्याच्या नावानं येळकोट करायचा, तो विवाहित वीर दुसरीच्या पायी मेंढरं राखतोय. ऐकणाऱ्यांचं मन इथे उठायला हवं, पण रंगतं ते इथेच. याचं श्रेय मी म्हाळसेला देते. नेवाशाच्या लिंगायत वाण्याची ही लेक गाण्यांतून गप्प बसत नाही. ती देवाला जाब विचारते, बाणाईला टोचते, मेंढरांच्या वासावरून बोलते, आपल्या घरच्या शुचितेचा तोरा मिरवते. ऐकणाऱ्याच्या मनात आलेलं आणि देवापुढे काढायला धजावत नाही असं सगळं ती बोलून टाकते. त्यामुळे त्याला आपला राग घेऊन कथेबाहेर पडावं लागत नाही. रागाला आतच जागा मिळते. आणि ही सोय फक्त पात्रांपुरती नाही, सादरीकरणातही आहे. मुख्य वाघ्या कथा सांगत असताना साथीदार मध्येच अडवतो, शंका काढतो, भलताच अर्थ लावतो, आणि सांगणारा त्याला उत्तर देत पुढे सरकतो. दिमडी आणि तुणतुण्याच्या त्या बैठकीत श्रोत्यांचा एक प्रतिनिधी आधीच नेमलेला असतो. त्याची शंका बऱ्याचदा समोर बसलेल्यांपेक्षा अर्धा क्षण आधी येते. क्रमशः लिहिणाऱ्यानं शिकावं ते हे अर्धा क्षण आधी येणं. वाचकाचा आक्षेप पत्रातून पोचेपर्यंत पुढचं प्रकरण छापून गेलेलं असतं. तो कथेतच आधी उमटला पाहिजे.

हे आपल्याकडच्या श्रद्धेचं वैशिष्ट्य आहे, कथेच्या रचनेचं नव्हे, असं कुणी म्हणेल म्हणून दुसरं उदाहरण अगदी दूरचं घेते. सर्व्हांतिसच्या 'डॉन क्विक्झोट'चा पहिला भाग 1605 साली माद्रिदला छापला गेला. शूरांच्या पोथ्या वाचून डोकं फिरलेला हा म्हातारा राक्षस शोधत हिंडतो आणि एका शेतकरी मुलीला मनातल्या मनात राजकन्या डल्सिनिया करून तिच्यासाठी झुरतो. पहिल्या सफरीत तो एकटा आहे. तो भाग वाचताना त्याचं हसू येतं, कीवही येते, पण जीव जडत नाही. सातव्या प्रकरणात सँचो पांझा येतो आणि लगेच आठव्यात पवनचक्क्यांचा प्रसंग येतो. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. अहो, हे राक्षस नाहीत, पवनचक्क्या आहेत, असं म्हणणारं माणूस शेजारी उभं राहिल्याशिवाय सर्व्हांतिसनं आपला सगळ्यात मोठा राक्षस मैदानात आणला नाही. सगळ्या जगाला आठवतो तो प्रसंग त्या एका साक्षीदारामुळे उभा राहिला आहे. सँचो नसता तर तिथे एक जखमी वेडा आणि मोडका भाला एवढंच उरलं असतं.

दुसरा भाग 1615 साली आला. मधल्या दहा वर्षांत वाचकांनी जे काय म्हटलं ते सर्व्हांतिसनं सरळ कथेत घेतलं. तुमचा इतिहास छापून निघालाय, लोक वाचताहेत, असं सांगणारा एक पदवीधर तरुण सुरुवातीलाच येतो आणि तक्रारी सांगतो. नायकाला मार फार खायला लावलाय, मध्येच एक असंबद्ध गोष्ट घुसडलीय, सँचोचं चोरीला गेलेलं गाढव खुलासा न करता परत कसं आलं. काहींचं उत्तर मिळतं, काही नुसत्याच नोंदल्या जातात, आणि एकाही तक्रारीखातर कथेची दिशा बदलत नाही. याच्या उलट उदाहरण त्याच काळात घडलं. 1614 मध्ये आव्हेयानेदा या नावाखाली कुणीतरी परस्पर दुसरा भाग छापला, आणि त्यातला नायक डल्सिनियाच्या प्रेमातून मोकळा झालेला दाखवला. सर्व्हांतिसचा खरा नायक एका खाणावळीत हे कानांनी ऐकतो आणि संतापतो. खोट्या पुस्तकानं लुटलेल्या पराक्रमांपेक्षा त्याला झोंबतं ते आपलं प्रेम संपल्याचं विधान. तो खोट्याचा खोटेपणा सिद्ध करायला ठरलेली सारागोसाची वाट सोडून बार्सिलोनाकडे वळतो. आव्हेयानेदानं पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, हा असा कसा वागतो, तर घ्या, आता नीट वागेल. कथेचा प्राण त्यातच गेला.

यावर पहिला आक्षेप भाविकांचा, आणि तो मी मनापासून ऐकते. खंडोबा देव आहे, बाणाईचं प्रकरण ही त्याची लीला आहे, ऐकणारा आधीच नतमस्तक आहे, मग त्यात कथनाची युक्ती कसली शोधायची? पण श्रद्धेला म्हाळसेच्या रागाची गरज नव्हती. लीला म्हणून हात जोडून पुढे जाता आलं असतं. परंपरेनं तो राग पिढ्यान्‌पिढ्या जपला, इतकंच काय, जेजुरीच्या गडावर त्याला दगडामातीत जागा दिली. म्हाळसा वर देवाजवळ आहे आणि बाणाईचं देऊळ अर्ध्या वाटेवर. पायऱ्या चढणारा प्रत्येक माणूस त्या भांडणातून चालत वर जातो. 2014 ते 2017 या काळात खंडोबावरची 'जय मल्हार' मालिका चालली तेव्हा बानूच्या, म्हणजे बाणाईच्या, येण्यानं कथेला नवा जोर चढला. तो मालिकेनं जन्माला घातला नव्हता. म्हाळसेची बाजू आणि बानूची बाजू जागरणात केव्हाच मांडून ठेवलेली होती.

दुसरा आक्षेप माझ्याच व्यवसायातला. वाचकाला कथेत आवाज दिला की तो हळूहळू लगाम हातात घेतो, कथा लांबते, मागणी तसा पुरवठा सुरू होतो. हे भय खरं आहे. रोज चालणाऱ्या कथेला शेवट पुढे ढकलण्याचा मोह सतत असतो. पण जागरणाकडे पाहा. गणानं सुरुवात होते, देवांना आवतन जातं, कथा लागते, शेवटी लंगर तुटतो आणि आरती होते. रात्र पहाटेला संपणारच असते. मधली कथा श्रोत्यांच्या तब्येतीप्रमाणे ताणता येते, एखादं भांडण रंगलं तर रंगू देता येतं, पण कुठे पोचायचं ते ठरलेलं असतं. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' सुरू केल्यावर आठवड्याला थोडं थोडं करत मोठमोठ्या कादंबऱ्या वाचकांपुढे ठेवल्या, त्या परंपरेत लिहिणाऱ्यालाही हा नियम लागू आहे. शेवट आधी ठरवावा, स्वतःशी पक्का करावा, आणि मग वाचकांच्या प्रतिक्रिया निर्धास्तपणे वाचाव्यात. त्यात काय मागितलंय यापेक्षा कुठल्या ओळीशी प्रश्न उठला हे मी पाहते. त्या ओळीजवळ बहुधा एखादं पात्र गप्प उभं असतं, आणि त्याला बोलतं करावं लागतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड जातो. शहाणं बोलणारं पात्र बाई असली की तिला कजाग करून टाकणं फार सोपं असतं, आणि जिच्यावर नायक भुलला ती तर नुसतं निमित्त होऊन राहते. म्हाळसेच्या बाबतीत काही गाण्यांत हे झालंय हे मान्य केलं पाहिजे. तिचा न्याय्य राग कधी कधी नुसत्या तोंडाळपणावर उतरतो आणि ऐकणारे हसून मोकळे होतात. सँचोला असं कुणी कजाग म्हणत नाही, त्याच्या बडबडीला शहाणपण म्हणतात. पण दुसऱ्या बाबतीत तुलना उलटी पडते. डल्सिनिया त्या दोन्ही भागांत प्रत्यक्ष कधीच समोर येत नाही. तिच्या नावानं लढाया होतात, आणाभाका होतात, पण या प्रेमाबद्दल तिला काय वाटतं हे कुणी विचारत नाही. बाणाईला विचारावं लागत नाही. म्हाळसेनं मेंढरांवरून टोचलं की ती मेंढरांचंच मोठेपण सांगते, तुझा देव माझ्या दारी चाकर होता हे सुनावते, आणि आपण कमी कुळातल्या असल्याचा आरोप मान खाली घालून ऐकत नाही. जिच्यापायी वीर वेडा झाला तिलाही त्या वेडावर बोलायचा हक्क आहे, ही गोष्ट वाघ्या-मुरळींनी ओळखली होती. सर्व्हांतिस माझा आवडता लेखक आहे, तरीही या एका बाबतीत मी जागरणाची रात्र त्याच्या पुढे ठेवते.