बातमी गेल्यानंतरचा कांदा

‘तुम्ही कुठल्या पेपरात?’ हा प्रश्न गावोगावी ठरलेला. ‘कुठल्याच नाही, मुक्त पत्रकार आहे,’ म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटते. नोकरी गेली हे सांगायची ही सभ्य रीत असावी, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या सासूबाईंनाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. खरं सांगायचं तर ओळखपत्र नाही, गाडी नाही, एक तारखेला जमा होणारा पगार नाही. वेळ तेवढा आहे. संध्याकाळी सहाच्या आत बातमी पाठवायचा धाक माझ्यामागे नसतो, म्हणून बातमी संपली की मी निघते.

लासलगावचंच घ्या. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. लिलाव थांबले, रस्ते अडले, वाहिन्यांच्या गाड्या निफाड तालुक्यात दाखल झाल्या. बातमी म्हणून ते सगळं रास्तच. पुढे ४ मे २०२४ ला बंदी उठली, टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि वर ४० टक्के शुल्क लावून. तोवर कॅमेरे दुसरीकडे गेले होते आणि शेतकरी उन्हाळ कांदा चाळीत भरत होता. कांद्याची खरी गोष्ट तिथून सुरू होते, कारण पुढचे चार-पाच महिने तो माणूस रोज एकच हिशेब करतो: आज विकू की थांबू? थांबलं तर भाव चढेल कदाचित, पण वजन घटणार आणि माल सडणार हे नक्की.

ही चाळ मी पहिल्यांदा पाहिली ती भर पावसाळ्यात. जमिनीपासून उचललेला सांगाडा, हवा खेळावी म्हणून फटी ठेवलेल्या भिंती, वर पत्रे. आत चार बायका कांदा निवडत बसल्या होत्या. मी वही काढून उभ्याउभ्याच प्रश्न विचारायला लागले, तशी त्यातली वयाने मोठी बाई म्हणाली, ‘ताई, उभ्यानं काय दिसणार? बसा की.’ बसले. मग तिचा हात दिसायला लागला. कांदा उचलायचा, अंगठ्याने मान दाबायची. मऊ लागली की डावीकडे. कोंब आला असेल तर वेगळा. काळी बुरशी धरली असेल तर पत्ती सोलून बघायची, काजळी वरवरची असली तर ठेवायचा. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, निराळी. बोलणं चालू, हात चालू, नजर बहुतेक वेळ दुसरीकडेच. सडक्या कांद्याचा वास तासाभराने जाणवेनासा झाला. घरी आल्यावर मात्र नवऱ्याने ओढणी बाल्कनीत टाकायला लावली.

अनिल अवचटांचं ‘पूर्णिया’ १९६९ साली आलं. बिहारचा दुष्काळ पाहून एका तरुण डॉक्टरने लिहिलेलं ते पुस्तक. त्यानंतर मराठीत रिपोर्ताज लिहिणाऱ्या प्रत्येकावर त्यांची सावली आहे, माझ्यावर तर दाट. त्यांच्याकडून साधी भाषा शिकावी, असं सगळे सांगतात. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची विचारपूस. माणूस हाताने नेमकं काय करतो, त्याचे किती मिळतात, त्यातले कोण कापून घेतं. दुःख काय आहे, हे थेट विचारलं की माणसं पाठ केलेलं बोलतात. काम विचारलं की दुःख आपोआप येतं.

लिलावाचंही तसंच. ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वक्कलापाशी थांबतो, मूठभर कांदा हातात घेऊन बोली लागते आणि मिनिटभरात घोळका पुढे. टीव्हीवर एवढंच दिसतं. मी त्या ट्रॅक्टरच्या मागे व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते. ट्रॉली रिकामी होताना खालचा माल हलका निघाला की तिथे वांधा उभा राहतो आणि बोलीत ठरलेला भाव खाली येतो. शेतकरी घासाघीस करतो, कधी बाजार समितीकडे तक्रार नेतो, बहुतेकदा नाही. ट्रॅक्टरचं भाडं चालू असतं आणि घरी गाईची धार काढायची असते. भरलेली ट्रॉली परत नेणं कुणाला परवडतं?

आता लिहिण्याचं. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीच्या आधी संपतं. संपादकांचा फोन जूनमध्ये येतो, मजकूर जुलैअखेर द्यायचा असतो. चाळीतल्या कांद्याचं काय झालं हे मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरशिवाय कळत नाही. म्हणजे मी दरवर्षी गेल्या वर्षीचा कांदा लिहिते. आधी याचा वैताग यायचा, हल्ली बरं वाटतं. वर्षभराने जे शिळं होतं ते लेखातून आपसूक गळतं. भाव, मंत्र्यांची विधानं, आंदोलनातल्या घोषणा, सगळं. उरतो तो मान दाबणारा अंगठा आणि खळ्यावरचा वांधा. मानधन यायला पुढचा उन्हाळा उजाडतो, ते वेगळं. तोवर वीजबिल भरायला भाषांतरं असतात आणि एका संस्थेचा वार्षिक अहवाल.

घरी मी दोन किलो कांदा घेते तेव्हा भाजीवाल्यासमोर प्रत्येकाची मान दाबून बघते. त्याला ते आवडत नाही. मुलगी लांब जाऊन उभी राहते.

नव्याने या धंद्यात येणारी मुलं विषय विचारतात. मी सांगते, श्रावण-भाद्रपदात नाशिक जिल्ह्यात जा, चाळीत बसा, दोन वेळा जा. पहिल्या खेपेला लोक पत्रकाराशी बोलतात, दुसऱ्या खेपेला तुमच्याशी. आणि वाचकांना एवढंच सांगणं: कांद्याच्या बातमीत बहुधा कमाल भाव ठळक छापलेला असतो. तो चांगल्यातल्या चांगल्या वक्कलाला मिळालेला असतो. बाजार समित्या त्याच्यासोबत किमान आणि सरासरी भावही रोज जाहीर करतात. आधी सरासरीचा आकडा बघत जा.