बिनशेती

वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर माझे आणि धाकट्या भावाचे नाव लागले, त्याला सहा वर्षे झाली. शेत तो कसतो. मी पुण्यातील एका महाविद्यालयात भाषाविज्ञान शिकवते आणि दिवाळीनंतर घरचे तांदूळ घेऊन येते. जमिनीशी माझे नाते एवढेच उरले होते. गेल्या पावसाळ्यात भाऊ नकाशाची गुंडाळी घेऊन माझ्या दारी आला, तेव्हा हे नाते पुन्हा तपासून पाहावे लागले.

आमच्या परिसराच्या विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाले होते. अशा नकाशात शेती विभाग हिरव्या आणि रहिवास विभाग पिवळ्या रंगाने दाखवतात. म्हणून गावात ‘जमीन यलोत गेली’ असे म्हणण्याची रीत पडली आहे. आमच्या घरी रान हिरव्याचे पिवळे होऊ लागले, की विळ्यांना धार लावली जाई. या नकाशातील पिवळा रंग मात्र शेवटच्या सुगीचा होता. विभागांची सीमारेषा आमच्या गटातून तिरकी गेली होती. वरचे दीड एकर पिवळे आणि ओढ्याकडचे दोन एकर हिरवे झाले होते.

“ताई, तीस दिवसांत सूचना द्यायचीय. सगळा गट रहिवासात घ्या म्हणून. तुझी सही लागंल,” तो म्हणाला.

सही करायचे सोडून मी नकाशात विहिरीची पट्टी शोधू लागले. मग चिंचेखालचे वावर, म्हसोबाचा तुकडा, पाणथळ. आजी या नावांनीच कामे वाटून देत असे. ‘पाणथळात आवण टाका’ एवढे म्हटले की कोणालाही दिशा विचारावी लागत नसे. ही नावे आता नाहीशी होणार, असे मी काहीशा गहिवराने बोलून गेले.

भाऊ शांतपणे म्हणाला, “ती कागदावर कधी होती, ताई? आणि तू तरी शेवटची कधी घेतलीस?”

त्याचे खरे होते. एकत्रीकरण योजनेत गट पडले, तेव्हाही या नावांना दप्तरात जागा मिळाली नव्हती. ती जगली, ती कामामुळे. काम मी तीस वर्षांपूर्वी सोडले. माझ्या हळहळीला काहीही किंमत मोजावी लागत नव्हती. त्याच्या हिशेबात मात्र लावणीला न मिळणारी माणसे होती, वरच्या इमारतींचे ओढ्यात उतरणारे सांडपाणी होते आणि दोन मुलांची शुल्के होती. हिरव्या रंगात राहिलेली जमीन उद्या कोणी मागितलीच, तर एकराने मागणार. शेजारची पिवळी मात्र गुंठ्याने जाणार. एका एकराचे चाळीस गुंठे आणि एका गुंठ्याचे 1089 चौरस फूट होतात. मापाचे नाव लहान होत जाते, तसतसा त्याच मातीचा भाव चढत जातो.

हडपसरच्या मगरपट्ट्याचे उदाहरण मी त्याच्यापुढे ठेवले. तेथील शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन बाहेरच्यांना न विकता एकत्र आणली, स्वतःची कंपनी स्थापन केली आणि त्या नगराचे ते भागधारक झाले. भाऊ म्हणाला, “त्यांची जमीन सलग होती आणि माणसंबी एका विचाराची होती. आपल्या शिवारातला निम्मा सातबारा बाहेरच्यांच्या नावावर गेलाय.”

त्या रात्री ‘बिनशेती’ हा शब्द मनातून हलेना. कायद्याच्या भाषेत ‘अकृषिक’, लोकांच्या तोंडी बिनशेती. बिनचूक, बिनघोर, बिनविरोध या शब्दांत जे नाही, ते नसलेलेच बरे असते. ‘बिनबुडाचा’ या शब्दात मात्र जे नाही, त्याच्यावाचून काही उभेच राहत नाही. बिनशेती कोणत्या रांगेतला? भावाला तो बिनघोरच्या शेजारी दिसत होता. मला निश्चित उत्तर देता येईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गावी गेलो. बांधावर ओढ्यापलीकडच्या वस्तीवरील मावशी भेटल्या. त्यांनी चाळीस वर्षे आमच्याकडे लावणी केली. त्यांचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नाही. नकाशाची गोष्ट ऐकून त्यांनी एकच विचारले, “बाय, आमची पाणंद कुठंय त्यात?”

मी नकाशा उलगडला. बांधालगतची ती बैलगाडीची वाट त्यात नव्हती. प्लॉट पडून कुंपण झाले असते, तर वस्तीचा शाळेचा आणि दवाखान्याचा रस्ताच मिटला असता. नावांसाठी हळहळताना ही वाट मलाही आठवली नव्हती.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी सातबारा असेल, अनेकांच्या घरी नसेल. दोघांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे प्रारूप योजनेवर हरकत किंवा सूचना कोणतीही व्यक्ती लेखी देऊ शकते. त्यासाठी जमीन नावावर असावी लागत नाही.

भावाच्या अर्जावर मी सही केली. जो शेत कसतो, त्याला माझ्या आठवणींसाठी हिरव्या रंगात अडकवून ठेवण्याचा अधिकार मला नव्हता. त्याच अर्जात, गटातून जाणारी पाणंद रस्ता म्हणून दाखवावी आणि ओढ्याचा काठ मोकळा ठेवावा, असेही लिहिले. पाणंदीत जाणाऱ्या गुंठ्यांचा हिशेब करून भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने सही केली. वस्तीचा अर्ज मी वेगळा लिहून दिला. त्यावर मावशींनी अंगठा उठवला.

पुढे नियोजन समितीपुढे सुनावणी झाली. मी “चिंचेखालच्या वावरापासून…” अशी सुरुवात केली, तेव्हा समोरून सौम्य स्वरात प्रश्न आला, “गट क्रमांक?” मी क्रमांक सांगितला. नंतर पाणंद कोठून कोठे जाते, ते नकाशावर बोट ठेवून दाखवले.

बाहेर जिन्याजवळ मावशी थांबल्या होत्या. “ऱ्हाईल का वाट?” त्यांनी विचारले.

“लिहून घेतलंय,” मी म्हणाले. निर्णय अजून आलेला नाही.