हळदोण्याचा आर्मस्ट्राँग

गोवा म्हटलं की आपली गाडी कळंगुट-बागाच्या पुढे सरकत नाही. या वेळी मात्र मी ग्रुपला टांग दिली आणि म्हापशाहून हळदोण्याची बस पकडली. कारण? ऑफिसची पार्टी! डीजेने ‘अलबेला’मधलं गाणं लावलं आणि अख्खं अकाउण्ट्स डिपार्टमेण्ट भगवानदादांच्या स्टेप्स करत सुटलं. संगीत कुणाचं? सी. रामचंद्र! सगळे एका सुरात ओरडले. आणि ट्रम्पेट कुणाचा? सगळे गप्प. मीसुद्धा!

घरी येऊन शोधलं. चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव हळदोणे.

गाव एकदम निवांत. नदीकाठी १५९६ सालचं सेंट थॉमस चर्च. पायरीवर बसलो तर फक्त वाऱ्याचा आवाज. इथे जॅझ कुठून आला, असं वाटतं ना? पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांमध्ये पोरांना व्हायोलिन आणि नोटेशन शिकवत. प्रार्थनेसाठी शिकलेली ही विद्या पुढे मुंबईच्या हॉटेलांत गोवेकरांच्या पोटापाण्याला आली. चिकचा देव लुई आर्मस्ट्राँग. ट्रम्पेटपासून स्टेजवरच्या लकबींपर्यंत सगळं त्याच्यासारखं! म्हणून लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे.

‘म्युझिक मेकर्स’ हा त्याचा बॅण्ड आधी ग्रीन्स हॉटेलात आणि मग ताजमध्ये वाजला. तो जमाना स्विंगचा, म्हणजे पाय थिरकायला लावणाऱ्या जॅझचा. रात्री हॉटेलात चिक बॅण्डचा मालक, स्टुडिओत मात्र सी. रामचंद्रांचा असिस्टण्ट. चाल संगीतकाराची, कुठे ट्रम्पेट, कुठे क्लॅरिनेट, हे कागदावर उतरवणारे बहुतेकदा गोवेकर. त्यांची नावं पडद्यावर क्वचितच यायची. चिक त्यातल्या त्यात नशीबवान. ‘अलबेला’त तो बॅण्डसकट पडद्यावर दिसतो आणि त्याच १९५१ साली ‘नादान’चा संगीतकार म्हणून त्याचं स्वतःचं नावही लागलं. १९६७ मध्ये, जेमतेम पन्नाशी गाठून तो गेला.

पायरीवर बसून आधी मला साहेब आठवले. प्रेझेंटेशन आम्ही करायचं, शाबासकी त्यांना! छान चिडलो. मग आठवली आमची ट्रेनी. गेल्या महिन्यातले सगळे चार्ट तिचे होते आणि पहिल्या स्लाइडवर नाव? माझं एकट्याचं!

मुंबईत उतरल्यावर संध्याकाळी गेटवेला गेलो. ग्रीन्स आता नाही. त्या जागी ताजचा टॉवर उभा आहे. तिथे फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत उभं राहून मोबाइलवर ‘अलबेला’ लावला. या वेळी कान फक्त ट्रम्पेटकडे.

सोमवारी पहिलं काम काय केलं? पहिल्या स्लाइडवर तिचं नाव टाकलं. माझ्या आधी.