जातांनाचा रस्ता आणि येतांनाचा

वेळ वांचविण्यासाठीं कोणी रविवारीं मोटारसायकल काढीत नाहीं. तरीहि वाट दाखविणारें ॲप आपण निवडतों तें मात्र वेळ वांचविणारेंच, याचें आम्हांस नवल वाटतें. गूगल मॅप्सनें २०१७ सालीं भारतांत दुचाकीसाठीं निराळी सोय केली. कामाच्या दिवशीं ती उत्तमच. पण तिचा हिशेब मिनिटांचा. पुण्याहून वाईस जावयाचें, तर बहुधा ती खंबाटकीच्या महामार्गानेंच नेईल. भोरवरून मांढरदेवीचा घाट चढणारा वळणांचा रस्ता तिच्या लेखीं केवळ उशीर!

उलट, कुर्विगर आणि कॅलिमोटो या जर्मन ॲपांत वळणांनाच मोल आहे. २००४ सालीं सुरू झालेला, स्वयंसेवकांनीं रेखाटलेला ओपनस्ट्रीटमॅप हा दोहोंचा आधार. वळणें किती हवींत तें सांगावें, म्हणजे तीं त्याप्रमाणें वाट आंखून देतात. मात्र नकाशांत वळण दिसलें, म्हणून पावसाळ्यांत तेथें कोसळलेली दरड दिसेलच असें नाहीं. ती चौकशी पायथ्याच्या गांवींच करावी. घाटांत मोबाइलची रेंज जाते, यासाठीं नकाशा घरींच उतरवून घ्यावा.

आम्ही तर दोन्ही तऱ्हेचीं ॲपें बाळगतों. जातांना वळणांचें. परततांना मागें बसलेलें माणूस थकलेलें असतें, दिवस कललेला असतो आणि घरीं आई दाराकडे पाहत असते. तेव्हां मिनिटें मोजणारेंच खरें. जातांनाचा आनंद आमचा. येतांनाची वेळ घराची.